वाळीत टाकून काय साधते? म्यानमारचा अनुभव

हुकूमशाही राजवटीला जगाने वाळीत टाकावे की तिच्याशी बोलणी चालू ठेवावीत, हा वाद आपल्याकडे बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच रंगतो आणि म्हणून तो कधी संपत नाही. म्यानमारच्या बाबतीत तो असा मोघम ठेवण्याचे कारण उरलेले नाही. १९८८ पासून या एका देशावर सरसकट निर्बंध, निवडक निर्बंध, मूक मैत्री आणि बिनशर्त स्वागत असे जवळपास सगळे उपाय करून झाले आहेत आणि त्यांचे परिणाम सर्वांसमोर आहेत. शिवाय हा देश आपल्यापासून दूर नाही. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोरम या चार राज्यांना लागून त्याची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे.

या साऱ्या अनुभवातून माझे जे मत झाले आहे, ते आधीच सांगतो. लष्कराचा पैसा, इंधन आणि शस्त्रे ज्याच्या हातून जातात, त्याच्याच दबावाला तिथे काही अर्थ असतो. ज्याच्या हातून यातले काहीच जात नाही, त्याने कितीही कठोर निर्बंध लादले तरी भरडला जातो तो सामान्य माणूस. आणि ज्याच्या हातून जाते, त्याने अट न घालता केलेली मैत्री थेट लष्कराच्या कामी येते. भारत या दुसऱ्या गटात मोडतो. आपल्याकडे मात्र चर्चा अशी चालते, जणू आपण लांब उभे राहून पाहणारे तटस्थ लोक आहोत.

ऑगस्ट १९८८ मध्ये म्यानमारमधले विद्यार्थी आणि भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा भारताने उघडपणे त्यांची बाजू घेतली होती. आकाशवाणीची बर्मी सेवा त्या काळात तिथल्या लोकांसाठी मोठा आधार होती. १९९० च्या निवडणुकीत आँग सान स्यू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाने ८० टक्क्यांच्या आसपास जागा जिंकल्या आणि लष्कराने तो निकाल गुंडाळून ठेवला. पुढे काही वर्षांतच दिल्लीचा सूर बदलला. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ सीमेपलीकडे होते आणि चीन तिथे झपाट्याने पाय रोवत होता, ही कारणे खरी होती. ती नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ मध्ये सीमेवर दोन्ही सैन्यांची संयुक्त मोहीम चालू असतानाच भारताने स्यू ची यांना जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला आणि त्यामुळे नाराज झालेल्या म्यानमारच्या सैन्याने मोहिमेतून अंग काढून घेतले, असे मानले जाते. त्यानंतर आपण असे धाडस सहसा केले नाही.

अमेरिकेने उलटी वाट धरली. १९९७ मध्ये नव्या गुंतवणुकीवर बंदी आली. मे २००३ मध्ये डेपायिन येथे स्यू ची यांच्या ताफ्यावर जीवघेणा हल्ला झाल्यानंतर म्यानमारमधून होणारी सगळी आयातच बंद झाली. यांगोनच्या आसपासचे कपड्यांचे कारखाने प्रामुख्याने अमेरिकी मागणीवर चालत होते. ते धडाधड बंद पडले आणि हजारो कामगार, त्यातही बहुसंख्य तरुण मुली, बेकार झाल्या. त्याच काळात अंदमान समुद्रातल्या यादाना क्षेत्रातला वायू नळातून थायलंडला जात होता आणि त्याचे डॉलर राजवटीच्या हाती पडत होते. त्या वेळी क्याट या तिथल्या चलनाचा अधिकृत विनिमय दर डॉलरला सहाच्या आसपास आणि बाजारातला दर हजाराच्या घरात होता. वायूचे उत्पन्न अर्थसंकल्पात अधिकृत दराने नोंदवले की ते क्षुल्लक दिसत असे आणि उरलेल्या रकमेचा हिशेब जनतेपुढे येतच नसे. ऑस्ट्रेलियाचे अर्थतज्ज्ञ शॉन टर्नेल हे सातत्याने दाखवून देत होते. पुढे ते स्यू ची यांचे सल्लागार झाले आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्यांना पावणेदोन वर्षे तिथल्या तुरुंगात काढावी लागली. शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुलीची नोकरी गेली आणि सेनापतींच्या वायूला कुणी हात लावला नाही, असा त्या निर्बंधांचा ताळेबंद होता. नैतिक भूमिका घेतल्याचे समाधान वॉशिंग्टनला मिळाले आणि त्याची किंमत यांगोनच्या कामगार वस्त्यांनी मोजली, हे मला आजही अस्वस्थ करते.

आग्नेय आशियातील देशांची ‘आसियान’ ही संघटना याच्या अगदी विरुद्ध बोलत होती. सामावून घ्या, हळूहळू बदल होईल, असे म्हणत तिने १९९७ मध्ये म्यानमारला सदस्य करून घेतले. पुढच्या दहा वर्षांत स्यू ची बहुतांश काळ स्थानबद्धच राहिल्या आणि २००७ मध्ये भिक्खूंचे आंदोलन गोळ्या घालून मोडून काढण्यात आले. मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावती नदीचा त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त केला. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. पाश्चात्त्य देशांची जहाजे मदत घेऊन किनाऱ्याजवळ थांबली होती आणि सेनापती थान श्वे यांना त्यांच्यात आक्रमणाचा धोका दिसत होता. अखेर आसियानच्या मध्यस्थीनेच मदतीला वाट मिळाली. संपर्क टिकवून ठेवल्याचा एवढा उपयोग निश्चित झाला आणि तो लहान नाही, कारण त्याने माणसे वाचली. मात्र प्रेते अजून पाण्यात तरंगत असताना त्याच महिन्यात राज्यघटनेवरचे सार्वमत उरकण्यात आले, ते त्या संपर्काला थांबवता आले नाही.

त्या राज्यघटनेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तिने संसदेतल्या एक चतुर्थांश जागा लष्करासाठी राखून ठेवल्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीसाठी तीन चतुर्थांशांहून अधिक मतांची अट घातली. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापतीच्या मर्जीतली राहिली. हा आराखडा जेव्हा पक्का झाला, तेव्हाच दारे उघडण्यात आली. नोव्हेंबर २०१० मध्ये स्यू ची यांची सुटका झाली, मार्च २०११ मध्ये माजी सेनापती थेन सेन अध्यक्ष झाले, राजकैदी सुटू लागले, वृत्तपत्रांवरची बंधने सैल झाली. निर्बंधांचे समर्थक म्हणाले की हा आमच्या दबावाचा विजय आहे. संवादाचे समर्थक म्हणाले की हे आमच्या संयमाचे फळ आहे.

मला दोन्ही दावे अर्धवट वाटतात. सात टप्प्यांचा ‘मार्गनकाशा’ लष्कराने २००३ मध्येच जाहीर केला होता आणि २०११ पर्यंत जे घडले ते बरेचसे त्याच क्रमाने घडले. निर्बंधांचा परिणाम झाला, पण आडवळणाने. पश्चिमेची दारे बंद असल्याने म्यानमार चीनवर विसंबत गेला आणि हे परावलंबन त्या कमालीच्या राष्ट्रवादी सेनापतींना सलू लागले. सप्टेंबर २०११ मध्ये थेन सेन यांनी इरावतीवरच्या मित्सोन धरणाचे ३.६ अब्ज डॉलरचे चिनी बांधकाम थांबवले, तेव्हा ही सल साऱ्या जगाला दिसली. बाहेरचा दबाव राजवटीच्या मनात आधीपासून असलेल्या एखाद्या भीतीला जाऊन भिडतो, तेव्हाच ती हलते आणि तेव्हाही ती स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या अटींवरच हलते.

पुढे जे झाले ती संवादवाद्यांची मोठी चूक होती, असे माझे ठाम मत आहे. घटनेतल्या लष्कराच्या तरतुदींना धक्का लागण्यापूर्वीच जगाने हातातली साधने सोडून दिली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये शस्त्रबंदी वगळता सगळे निर्बंध उठवले. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ओबामा यांनी अमेरिकेचे उरलेले बहुतेक निर्बंध रद्द केले. दोनच दिवसांनी पश्चिमेकडच्या रखाइन प्रांतातल्या सीमाचौक्यांवर सशस्त्र रोहिंग्यांनी हल्ले केले आणि त्यानंतर लष्कराने तिथल्या गावांवर कारवाई सुरू केली. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध होता, असे मी म्हणत नाही. पण ऑगस्ट २०१७ मध्ये त्याहून भीषण मोहीम सुरू झाली आणि सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले, तेव्हा जगाजवळ निषेधाच्या ठरावांखेरीज फारसे काही उरले नव्हते. तेव्हा सरकारचे नेतृत्व करणाऱ्या स्यू ची यांनी डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन त्याच लष्कराच्या बाजूने उभे राहावे, ही त्या दशकातली सर्वांत क्लेशदायक गोष्ट होती. लष्कराने त्याची जाणीव ठेवली नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे उठाव करून त्याने त्यांनाच अटक केली.

उठावानंतरच्या निर्बंधांत मात्र आधीच्या अनुभवातून काहीतरी शिकल्याचे दिसते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवलेले म्यानमारचे सुमारे १ अब्ज डॉलर लष्कराने काढून घेण्याचा प्रयत्न केला, तो अमेरिकेने रोखला. लष्कराच्या उद्योगसमूहांवर निर्बंध आले. वायूचा व्यवहार पाहणारे सरकारी महामंडळ युरोपीय संघाने २०२२ मध्ये निर्बंधांखाली आणले, ही खरे तर वीस वर्षांपूर्वी व्हायला हवी होती अशी गोष्ट. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये दाखवून दिले, की उठावानंतर किमान १ अब्ज डॉलरची शस्त्रे आणि त्यांच्याशी संबंधित सामग्री राजवटीकडे गेली. रशिया आणि चीन यांच्याखालोखाल सुमारे २५ कोटी डॉलरचा माल सिंगापूरमधल्या कंपन्यांमार्फत गेला होता. सिंगापूर सरकारने चौकशी केली आणि वर्षभरात तिथून जाणारा माल जवळपास नव्वद टक्क्यांनी घटला. एका लहानशा देशाने आपल्याच बँकांकडे आणि व्यापाऱ्यांकडे नीट पाहिले, तर दूरच्या महासत्तेच्या ठरावाहून अधिक काही घडू शकते, याचा हा पुरावा आहे. काही व्यवहार थायलंडच्या बँकांकडे सरकले हेही खरे. म्हणूनच असे पाऊल शेजाऱ्यांनी मिळून उचलावे लागते.

त्याच अहवालात भारतातून गेलेल्या सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरच्या मालाची नोंद आहे आणि त्यात सरकारी कंपन्यांचाही माल आहे. रक्कम रशियाच्या मानाने लहान आहे, पण लोकशाही देश म्हणून ती मला लाजिरवाणी वाटते.

चीनचा दबाव कसा चालतो, तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तरेकडच्या तीन सशस्त्र संघटनांनी मोठा हल्ला चढवला, तेव्हा चीनने त्यांना रोखले नाही, कारण सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर तो चिडलेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये लष्कराचे लाशियो येथील विभागीय मुख्यालय पडले आणि राजवट कोसळेल अशी शक्यता दिसू लागली, तेव्हा त्याच चीनने सीमेवरची फाटके बंद केली, बंडखोरांची रसद तोडली आणि एप्रिल २०२५ मध्ये लढून जिंकलेले ते शहर लष्कराला परत करायला लावले. जवळच्या सत्तेचा हात कुठवर पोहोचतो, ते यातून कळते. दुर्दैवाने हा हात राजवट सावरण्यासाठी वापरला गेला.

आता महाराष्ट्राशी थेट जोडलेल्या एका विषयाकडे येतो. उठावानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा जून २०२१ मध्ये भारताने म्यानमारशी पाच वर्षांसाठी दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आयात करण्याचा करार केला. लातूर-अकोल्याच्या बाजारात तुरीच्या भावाची चर्चा निघाली की या आयातीचा उल्लेख होतो, पण तो आपल्या शेतकऱ्याला भाव मिळण्यापुरताच असतो. ती काळजी रास्तच आहे. परंतु म्यानमारची तूर पिकते मुख्यतः सगाइंग, मॅग्वे आणि मंडाले या कोरडवाहू पट्ट्यात, आणि लष्कराने सर्वाधिक गावे जाळली ती सगाइंगमध्ये. ११ एप्रिल २०२३ रोजी याच प्रांतातल्या पाझिग्यी गावातल्या जमावावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. ही आयात बंद करा, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण तसे केल्यास २००३ मध्ये शिवणकाम करणाऱ्या मुलींचे जे झाले तेच या शेतकऱ्यांचे होईल. माझा आक्षेप पैशाच्या वाटेला आहे. २०२२ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने निर्यातदारांना त्यांच्या परकीय चलनाचा मोठा हिस्सा ठरवून दिलेल्या दराने, पुढे डॉलरला २,१०० क्याटने, विकायला भाग पाडले आणि बाजारातला दर त्याच्या कितीतरी वर गेला. मधला फरक शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या खिशातून जातो आणि स्वस्तातले परकीय चलन राजवटीला मिळते. वायूच्या पैशाची जुनीच युक्ती इथे डाळींच्या पैशावर चालवली जात आहे. २०२४ पासून रुपया आणि क्याट यांत थेट व्यवहाराची सोय झाली आहे. खरेदीदार आपण आहोत आणि तूर-उडदाला आपल्याएवढा मोठा दुसरा ग्राहक त्यांना नाही. तेव्हा पुढचा करार करताना मोबदला उत्पादकाला बाजारभावाने मिळावा, अशी अट घालणे आपल्याला शक्य आहे.

मार्च २०२१ मध्ये म्यानमारच्या चिन प्रांतातून माणसे जीव मुठीत धरून मिझोरममध्ये येऊ लागली, तेव्हा त्यांना परत पाठवण्याच्या केंद्राच्या सूचनेला तिथल्या राज्य सरकारने नकार दिला आणि चर्च व स्थानिक संघटनांनी हजारोंना घरे, अन्न आणि शाळा दिल्या. म्यानमारच्या जनतेशी भारताने राखलेला सर्वांत भरीव संबंध मला तोच वाटतो. मिझोरमला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाच्या रस्त्यावरचे पलेत्वा हे गाव जानेवारी २०२४ पासून आराकान आर्मी या बंडखोर संघटनेच्या ताब्यात आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या प्रकल्पासाठीसुद्धा राजवटीबाहेरच्या लोकांशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. स्यू ची यांचा पक्ष मार्च २०२३ मध्ये विसर्जित करून, देशाच्या मोठ्या भागात युद्ध चालू असताना, डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने जे मतदान घेण्यात आले, त्याला जनतेचा कौल मानण्याची घाई दिल्लीने करू नये. उठाव करणारे तेव्हाचे सरसेनापती मिन आँग हलाइंग यांच्याशी आपले पंतप्रधान २०२५ मध्ये बँकॉक आणि तियानजिन येथे भेटले. शेजाऱ्याशी भेटावे लागते हे मी मान्य करतो. पण अशा प्रत्येक भेटीत राजकैद्यांची सुटका, हवाई हल्ले आणि मदतीला मोकळी वाट या तीन गोष्टींविषयी भारत काय बोलला, ते संसदेत विचारले गेले पाहिजे, आणि महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदारांनीही ते विचारावे.