मोबाइलपेक्षा पारावरच्या लोकांचा दाब मोठा

लेख चांगला आहे, पण मोबाइल बाजूला ठेवला की माणूस स्वतःच्या डोक्यानं विचार करू लागतो, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. आमच्या लातूरकडं मोबाइल नव्हते तेव्हाही पारावर ठरायचं तेच घरोघरी व्हायचं.

सोयाबीनचंच बघा. 2021 च्या पावसाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला, नवा माल आला तसा कोसळला. पण तो आकडा डोक्यात बसला तो बसलाच. अजूनही हंगामात हॉटेलात कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, "थांबा, वाढणारंय", अन् पोत्यांची थप्पी तशीच राहते. का वाढणार विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक, खाद्यतेलावरचं आयात शुल्क, पेंडीची मागणी, भाव यावर हलतो. आणि उधारी मागणारे दारात असताना थांबणं परवडतं का, हा हिशेब तर ज्याचा त्यालाच करावा लागतो.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात रेघांची लांबी ओळखायचे प्रयोग केले. गटातले बाकीचे ठरवून चूक सांगायचे, तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा ज्याच्यावर प्रयोग चालायचा तो माणूसही डोळ्यांदेखत चुकीचं उत्तर द्यायचा. त्या बाकीच्यांतल्या एकानं जरी खरं सांगितलं, तरी हे प्रमाण खूपच घसरायचं. लेखात हे यायला हवं होतं. बैठकीत "कशावरून?" विचारणारा एक तरी लागतो. आमच्याकडं अशाला आगाऊ म्हणतात अन् पुढच्या वेळी चहाला हाक मारत नाहीत. त्यावर काय उपाय, ते लेखकानं जरूर लिहावं.