"पीटीएसडी नाही" एवढ्यावर सुटका मानू नका

"डॉक्टर म्हणाले ना पीटीएसडी नाही, मग झालं तर!" आमच्या सातारा भागातल्या फौजी घरांत हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. सुभेदाराची लेक आहे मी, म्हणून लिहितेय.

पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर मनाला जडणारा आजार. नको तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्याची आठवण काढणारं सगळं टाळणं, मन काळवंडणं आणि सतत सावध, चिडचिडं राहणं. या चारही गटांतली ठरावीक लक्षणं महिनाभराहून जास्त टिकली तरच पूर्ण निदान होतं. एखाद्या गटात कमी पडलं की 'अंशतः'. बहुतेक वेळा तिथेच उपचाराचा विषय संपतो. त्रास कुठे संपतो? रात्री तीनला दचकून उठायचं, दाराची कडी तपासायची. लग्नात भिंतीला पाठ लावूनच बसायचं. दिवाळीत फटाका वाजला की पोरांवर खेकसायचं. पोरगी सासरी निघाली तरी डोळे कोरडेच. आणि झोप यावी म्हणून कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली. घरचे म्हणतात, फौजी आहेत, स्वभावच कडक.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्यांचा अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठा अभ्यास झाला. युद्धातून बाहेर पडून दहा वर्षं उलटली होती, तरी पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पूर्ण पीटीएसडी होता. त्याशिवाय आणखी सुमारे ११ टक्क्यांना अंशतः. नंतरच्या अभ्यासांतही या दुसऱ्या गटात नैराश्य, दारू आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. कारगिल, सियाचीन, काश्मीर करून आलेल्या आपल्या माणसांत असे किती असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

नोकरीत असताना जवान बोलत नाही, ते मला समजतं. 'शेप वन' म्हणजे फौजेतला तब्येतीचा सगळ्यात वरचा दर्जा. त्यातला 'एस' मनाचाच, तो घसरला की बढती अडते. पण पेन्शनीत आल्यावर कसली भीती? तरीही तोंड उघडत नाहीत.

उपचारांनी फरक पडतो, औषधांनीही आणि बोलण्याच्या उपचारांनीही. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफर करून घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे "पीटीएसडी आहे का" एवढंच विचारू नका. झोप, राग, दारू यांबद्दल सगळं सांगा. आणि वहिनींना, काकूंना सोबत न्याच. ते स्वतः "सब ठीक है, साब" म्हणून मोकळे होतील. रात्रीचं काय ते त्याच सांगू शकतात.