वेळापत्रकातल्या मोकळ्या चौकटीला नीट नाव द्या

स्वयंसेवकांनी भरवलेल्या सॉफ्टवेअर परिषदेत वेळापत्रकावर महिनोन् महिने डोकं खपवलं जातं. कोणतं भाषण कुठल्या खोलीत, रेकॉर्डिंगला कोण, सगळं ठरतं. मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या दोन तासांवर मात्र कुणीतरी शेवटच्या रात्री ‘ब्रेक’ असं लिहून टाकतं. मला हे मनापासून खटकतं.

‘ब्रेक’ वाचून नवखा माणूस लॅपटॉप मिटतो आणि मुक्कामाच्या खोलीवर जातो. जुनी मंडळी जागची हलत नाहीत, कारण खरी कामं याच वेळात होतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मेलवर नुसताच वाद घालत रखडलेला सॉफ्टवेअरमधला एखादा बदल, संबंधित चौघं एका टेबलाशी बसली की अर्ध्या तासात मार्गी लागतो. म्हणजे लेबल चुकल्याचा फटका बसतो तो ज्याची इथे कुणाशी ओळख नाही त्यालाच.

चौकट कोरी सोडली तर आणखी पंचाईत. वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरमध्ये घेतलं की तिथे ते दोन तास दिसतच नाहीत. ‘हॅकिंग टाइम’ (म्हणजे एकत्र बसून कोड लिहायचा वेळ) हे नाव रुळलेलं आहे, पण भाषांतर, डिझाइन किंवा डॉक्युमेंटेशन करणाऱ्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या ओपन स्पेस या बैठकीच्या पद्धतीत विषय आलेले लोकच ठरवतात, ते भिंतीवर लागतात आणि एका गटातून उठून दुसऱ्यात जायची उघड मुभा असते. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची मंडळी आपल्या परिषदेच्या आधी डेबकॅम्प हे एकत्र कामाचं शिबिर भरवतात, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पायकॉन परिषदेत भाषणं संपल्यावर स्प्रिंट, म्हणजे एकत्र बसून काम करायची सत्रं, होतात. तिथे त्या वेळेला स्वतःचं नाव आहे, त्यामुळे लोक ठरवून येतात.

मी तर चौकटीत सरळ असं लिहीन: ‘खुला वेळ, २ ते ४. खोल्या उघड्या आहेत. विषय बोर्डावर लिहा किंवा कुठल्याही टेबलाशी बसा. रेकॉर्डिंग नाही.’ हे शेवटचे दोन शब्द फार कामाचे. माणसं मोकळेपणानं बोलतात आणि व्हिडिओ टीमलाही कळतं की आता निवांत जेवता येईल. शिवाय ऐनवेळी ‘एक छोटंसं भाषण घुसवू का?’ म्हणून कुणी आलं, तर ही जागा भरलेली आहे असं ठामपणे सांगता येतं.

बोर्डापाशी एक स्वयंसेवक मात्र हवाच. एकट्या उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही कशावर काम करता?’ असं विचारून योग्य टेबलापर्यंत पोचवणारा.