‘वय झालं की ऐकू कमी येणारच’ : कानाच्या मशीनवरच्या त्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरज भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या, भिशीच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. साठीनंतर ऐकू कमी येणं नैसर्गिक आहे, त्यानं तब्येतीला काही होत नाही. म्हाताऱ्यांना मतलबाचं तेवढं बरोबर ऐकू येतं. मशीन लावलं की उरलंसुरलंही जातं, हा सगळा कंपन्यांचा बाजार आहे. लसणीचं तेल सात रात्री घाला, कान मोकळा होतो. आणि शेवटची ओळ : एक कान अचानक बंद पडला तरी घाबरू नका, तेल चालू ठेवा.

मी मिरजेत कान तपासायचं काम करते. हा मेसेज मला पेशंटच्या घरच्यांनीच पाठवला, ‘मॅडम, खरं आहे का हे?’ असं विचारत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘नैसर्गिक आहे’ हे अर्धं खरं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. वय वाढतं तशा त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पण मोतीबिंदूही नैसर्गिकच असतो, तो काढायला आपण शिबिराच्या रांगेत उभे राहतोच की! शिवाय सगळं वयावर ढकलता येत नाही. विट्यात यंत्रमागावर उभा जन्म काढलेल्या माणसाचा कान पन्नाशीतच गेलेला असतो. टीबीसाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतलेले, बरीच वर्षं मधुमेह असलेले, असे कितीतरी जण येतात. आणि आपली लाडकी डॉल्बी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे ८ तास कान सोसू शकतो असं धरलं, तर १०० डेसिबलला ती मुदत १५ मिनिटांवर येते. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं तिथं किती वेळ असतात ते सांगायला नको.

आता ‘मतलबाचं बरोबर ऐकू येतं’. या वाक्यानं जेवढी घरं नासवली असतील तेवढी मशीनच्या किमतीनं नसतील, म्हणून इथं जरा थांबते. वयानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीत आणि मुळातच हलकी. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते शाबूत राहतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. ‘साठ’मधला स गळला की ‘आठ’ ऐकू येतं. दुकानदार साठ रुपये म्हणतो, आजोबा आठ रुपये काढून देतात, आणि मागचा माणूस हसतो.

घरातही तेच. मुलाचा जाडा आवाज कळतो, सुनेचा आणि नातीचा बारीक आवाज निसटतो. त्यात टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, मिक्सर. मग सून म्हणते, ‘मुलाचं बरं ऐकू येतं यांना, माझंच येत नाही.’ तिला वाटतं मामंजी मुद्दाम करतात. मामंजींना वाटतं ही मुद्दाम पुटपुटते. दोघंही खरं बोलत असतात. वर आणखी एक गंमत : कमजोर कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. म्हणून तीनदा ‘काय?’ विचारणारा माणूस चौथ्यांदा मोठ्यानं सांगितलं की ‘ओरडतेस कशाला!’ म्हणून खेकसतो. ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडण्यानं स्वर फुगतात, स तसाच राहतो. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं तर निम्मं भांडण मिटतं.

ज्याचं ऐकणं जातं त्याला स्वतःला हे शेवटी कळतं. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे, म्हणजे तारांचा झणकार जुळवणारे, एक वयस्कर कारागीर तपासणीला आले होते. तक्रार कानाची नव्हतीच. ‘हल्ली तारा चांगल्या येत नाहीत, झणकार उठत नाही,’ असं म्हणत होते. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, आलेख काढला तर ३ हजार हर्ट्झनंतर, उंच पट्टीत, रेष खाली कोसळलेली. तारा ठीक होत्या.

‘तब्येतीला काही होत नाही’ हे मात्र सपशेल चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात दीड अब्जाहून जास्त लोकांना कमी-अधिक ऐकू कमी येतं. त्यातल्या सुमारे ४३ कोटींना उपचार किंवा साधनांची गरज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यांत मध्यमवयातलं ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे, त्याचा वाटा सुमारे ७ टक्के. अमेरिकेत २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, २५ डेसिबलनं, म्हणजे थोडंसंच, ऐकणं कमी असलेल्यांमध्ये तोल जाऊन पडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट दिसली होती. तोल सांभाळणारा अवयव त्याच आतल्या कानात असतो. शिवाय सगळं लक्ष शब्द पकडण्यात खर्च झालं की पायाखाली बघायला उरत नाही.

पण आकड्यांपेक्षा मला दिसतं ते वेगळं. माणूस आधी लग्नाकार्याला जाणं सोडतो, मग भजनी मंडळ, मग फोन उचलणं. चारचौघांत ‘हो, हो’ म्हणत मान हलवतो आणि घरी येऊन गप्प बसतो. घरचे म्हणतात, वयानुसार शांत झालेत. डॉक्टरांनी गोळी कशी घ्यायची सांगितलेलं चुकीचं ऐकून घरी जाणारे तर विचारूच नका.

मशीनबद्दल मेसेजमधला एक भाग मी मान्य करते : बाजार आहे. ‘मशीन लावा, विसरभोळेपणा टाळा’ अशा जाहिराती दिसतात, त्याही तितक्याच खोट्या. २०२३ मध्ये अमेरिकेतला ‘अचीव्ह’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. सरसकट सगळ्यांत मशीननं बुद्धीची घसरण थांबली नाही. ज्यांना आधीपासून बुद्धी घसरण्याचा धोका जास्त होता, त्या गटात मात्र ती ४८ टक्क्यांनी कमी दिसली. खरं एवढंच आहे, आणि तेवढंही कमी नाही.

पण ‘उरलंसुरलं जातं’ हे खरं नाही. तपासणी करून बसवलेल्या मशीनला आवाजाची वरची मर्यादा घालून दिलेली असते. ज्या पट्टीत कमी आहे तिथंच ते वाढवतं. भीती असेल तर ती जत्रेत, ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या आवाज वाढवायच्या डब्यांची असावी. ते सगळंच सरसकट मोठं करतात. मशीन कपाटात पडून राहतं याचं कारण बहुतेकदा वेगळंच असतं. पहिल्या दिवशी ताटवाट्या, चपला, स्वतःचं चावणं, सगळं कर्कश वाटतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पेशंट दोन दिवसांत काढून ठेवतो. शिट्टी वाजत असेल तर कानातला साचा नीट बसलेला नसतो, तो बदलून घ्यायचा. पैशांचं म्हणाल तर ‘मुख्यमंत्री वयोश्री’ योजनेत ६५ वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना ३ हजार रुपये मिळतात, त्या यादीत श्रवणयंत्रही आहे. एवढ्यात चांगलं मशीन येत नाही, हेही सांगून टाकते.

लसणीचं तेल पडद्यापाशी थांबतं, आतल्या केसपेशींपर्यंत जातच नाही. मळ घट्ट झाला असेल तर कुठलंही तेल तो मऊ करतं, त्यामुळे कुणाला मोकळं वाटत असेल, तेवढंच. पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन कान वाहायला लागतो. पावसाळ्यात तेलकट कानात बुरशी धरलेली तर आम्ही नेहमीच बघतो. गरम करून घालणारे वर चटका घेऊन येतात.

राहिली शेवटची ओळ, आणि लिहायला बसले ती तिच्यामुळेच. बाकी मेसेजनं वर्षं वाया जातील, या ओळीनं कान जाईल. सकाळी उठल्यावर एक कान बंद, दडा बसल्यासारखा, सोबत गुणगुण किंवा चक्कर : हे मळामुळे असू शकतं, पण आतली नस अचानक कमजोर झाल्यामुळेही असू शकतं. कोणतं ते घरी कळत नाही, तपासल्यावरच कळतं. नसेचं असेल तर स्टिरॉइडचा कोर्स लागतो. त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होण्याची शक्यता जास्त, जितकं लवकर तितकं बरं. सात रात्री तेल घालण्यात त्यातला निम्मा वेळ संपतो. तेव्हा तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. खाजगी परवडत नसेल तर मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयात, साताऱ्याकडच्यांनी तिथल्या सिव्हिलला. केसपेपर काढताना ‘कानात मळ आहे’ असं सांगू नका, ‘कालपासून अचानक ऐकू येत नाही’ असं सांगा.