रेडियमवाल्या दादांना, कालव्यावरच्या अक्षरांबद्दल

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर खरडलं. बरं झालं ते पाठवलं नाही. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की निम्म्या गोष्टींत तुमचंच बरोबर आहे आणि माझा आवाज मात्र उगाच चढलाय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या कालव्यांवर चालणाऱ्या चिंचोळ्या बोटी, म्हणजे इथल्या नॅरोबोटी, आणि त्यांच्यावर हाताने अक्षरं काढणारे पेंटर यांच्यावर मी लिहिलं होतं. त्यात शेवटी विनाइलच्या स्टिकरला मी ‘अक्षरांचं प्रेत’ म्हणालो. त्यावर इचलकरंजीहून ‘एक रेडियमवाला’ एवढीच सही करून या दादांनी मला तीन फटके दिले. पहिला: बोटींवर रंगवायचे ते गुलाब आणि किल्ले जिप्सी लोकांकडून आले हे तुम्ही कशावरून लिहिलंत? दुसरा: हे सगळं आता हौशी लोकांचं खेळणं आहे, त्याला परंपरा म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि वीस वर्षं प्लॉटरवर, म्हणजे विनाइलची अक्षरं कापणाऱ्या मशीनवर, पोट भरणाऱ्याला हिणवायचं, हा कुठला न्याय? तिसरा: तुमच्या वडिलांचं दुकान फ्लेक्सने बसलं, तो राग तुम्ही मशीनवर काढताय.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तोच जास्त झोंबला. हो, मिरजेत बाबांचं पेंटरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती, गणपती मंडळांचे बोर्ड. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत सगळं आटलं. पण खरं सांगू का, बाबांचा फ्लेक्सवर राग नव्हता. पाठ दुखायची, टर्पेंटाइनने हाताची सालं जायची, आणि पैसे दिवाळीनंतर मिळायचे. राग माझा आहे, आणि तो मी जपून ठेवलाय. तेव्हा ‘प्रेत’ हा शब्द मागे घेतो. लेखातून काढूनही टाकलाय.

आता जिप्सींचं. इथेही मी चुकलो. कालव्यावर कुणालाही विचारा, ही गोष्ट ऐकायला मिळते. कुणी जिप्सींचं नाव घेतं, कुणी थेट कार्पेथियन पर्वतापर्यंत जातं. ऐकायला गोड आहे म्हणून मीही लिहून टाकली. पुरावा नाही. हाताशी आहे तो धागा जास्त साधा, आणि तुमच्या बाजूचा आहे. वुल्व्हरहॅम्प्टन आणि बिल्स्टन या गावांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पत्र्याच्या ट्रेवर, डब्यांवर काळा चकचकीत लेप देऊन वर फुलं आणि देखावे रंगवायचा मोठा धंदा होता. बाजारात विकायचा माल, भराभर हात चालवून केलेला. कालवे त्याच गावांमधून जात होते. त्या कारखान्यांतला हात कुठूनतरी बोटीवर आला असावा, असं मानायला जागा आहे. १८५८ साली कादंबरीकार डिकन्सच्या ‘हाऊसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात कालव्यावरच्या प्रवासाचं वर्णन छापून आलं, त्यात बोटीवरचे रंगवलेले किल्ले आहेत. म्हणजे तोवर ही चाल पडून गेली होती. थोडक्यात, ज्याला आपण लोककला म्हणून हात जोडतो तिच्या मुळाशी बहुधा कारखान्याचा माल आहे.

अक्षरांचं तर त्याहून रोकडं. लोक गुलाब बघतात, पण बोटीवरची मोठी जागा अक्षरांची असते. रेल्वेने दर पाडले तसं नावाड्यांना घरभाडं परवडेना, आणि कुटुंबंच्या कुटुंबं बोटीवर राहायला आली. बोट जास्तीत जास्त ७२ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद, कारण कालवे बांधणाऱ्या ब्रिंडली या अभियंत्याच्या काळात लॉक, म्हणजे बोट वर-खाली चढवणारे दरवाज्यांचे हौद, त्या मापाचे बांधले गेले. त्यातली बहुतेक लांबी कोळसा आणि इतर मालाला, आणि मागे साधारण १० फुटांची खोली, म्हणजे केबिन, माणसांना. त्या खोलीत नवरा, बायको, पोरं, चूल. जॉर्ज स्मिथ नावाच्या कोलव्हिलच्या सुधारकाने या लोकांच्या हालांवर रान उठवलं आणि १८७७ साली कायदा झाला: राहती बोट नोंदवायची, आणि नोंदणीचं गाव आणि नंबर बोटीवर अक्षरांत लिहायचा. आपली नंबर प्लेटच म्हणा. त्याच्या वर कंपनीचं नाव. फेलोज मॉर्टन अँड क्लेटन ही त्यातली सगळ्यात मोठी वाहतूकदार कंपनी; तिच्या बोटी आधी काळ्या-पांढऱ्या, मग १९२० च्या दशकात लाल, पिवळ्या, हिरव्या झाल्या. एवढ्या बोटी देशभर फिरणार म्हणजे फुकटची जाहिरात. तेव्हा बोटीवरचं अक्षर हे आधी कायद्याचं आणि धंद्याचं, सौंदर्य नंतरचं. पेंटरला मालकाने सांगितलेलं लिहायचं असायचं आणि बोट परत कामावर जायची घाई असायची.

आणि तरीही ब्राउनस्टनच्या फ्रँक नर्सर या पेंटरचा हात मिडलपोर्टच्या बिल हॉजसन या पेंटरच्या हातापेक्षा वेगळा कळतो. जाणकार लांबून सांगतात ही बोट कुठल्या गोदीतून निघालीय. हे कलेच्या हट्टापायी झालेलं नाही. एकच गुलाब हजार वेळा काढला की हाताला वळण लागतंच, जसं तलाठ्याच्या सहीला लागतं.

स्टिकरबद्दल एक गोष्ट तुम्हाला आवडेल. १९४८ साली कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, निळा-पिवळा सरकारी रंग आला, आणि पुढे काही बोटींच्या दारांवर गुलाब-किल्ले हाताने काढण्याऐवजी छापील ट्रान्स्फर चिकटवले गेले. म्हणजे प्लॉटरवर कापलेलं विनाइल यायच्या आधीच चिकटवायचा गुलाब कालव्यावर आला होता. मी हे माझ्या लेखात लिहिलं नव्हतं. का, ते तुम्ही ओळखलं असेल.

हौशी लोकांचा मुद्दा अर्धा मान्य. १९६२-६३ चा हिवाळा भयानक गेला, कालवे आठवडेच्या आठवडे गोठून पडले, आणि त्याच वर्षी सरकारी बोर्डाने आपली बहुतेक माल वाहतूक बंद केली. शेवटची नेमाने चालणारी लांबची फेरी कोळशाची होती, लंडनच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्यापर्यंत. नावाडी तिला ‘जॅम होल’ची फेरी म्हणायचे. तीही १९७० मध्ये थांबली. त्यानंतर बोटीवर अक्षर काढून घेणारा माणूस म्हणजे सुट्टीला फिरणारा, किंवा जुनी बोट जपणारा. पण अलीकडे भाडी परवडत नाहीत म्हणून बोटीवर राहणारे पुष्कळ झालेत. माझ्या ओळखीत एक नर्सबाई आहेत, एक ट्रकचालक. त्यांना हौशी म्हणणं जरा जड जाईल.

आता माझं म्हणणं, शांतपणे.

हाताने अक्षर काढताना पेंटर बोटीसमोर उभा असतो. हे फार सरळ वाक्य वाटतं, पण सगळा फरक तिथेच आहे. केबिनची भिंत उभी नसते, वर जाताना आत कललेली असते. मध्ये गोल खिडक्या, वर हात धरायची दांडी. बघणारा कालव्याकाठच्या पायवाटेवरून बघतो, तोही चार-पाच फुटांवरून, किंवा पुलावर उभा राहून वरून. पेंटर आधी खडूची दोरी ताणून टच्च करून मारतो, अगदी आपल्याकडे मारतात तशी. मग खडूने नुसती अक्षरांची जागा धरतो, मागे जातो, पुसतो, परत धरतो. ए आणि व्ही शेजारी आले की मध्ये भोक पडल्यासारखं दिसतं, ते डोळ्याने आवळायचं. मग सेबलच्या लांब केसांचा ब्रश, टोक छिन्नीसारखं सपाट. डाव्या हातात टेकणाची काठी, तिच्या टोकाला कापडाचा गोळा, त्यावर उजवं मनगट. एनॅमल जरा पातळ करून रेघ एका दमात ओढायची. मी दोन दिवसांच्या शिबिरात हे शिकायला गेलो. बाबांचा मुलगा म्हणून ताठ होतो. पहिला एस काढला तो बदकासारखा आला.

छायेची एक गंमत. इथले पेंटर अक्षराची छाया बहुधा खाली आणि डावीकडे टाकतात. रोमन अक्षरांत बी, डी, ई, आर यांच्या उभ्या दांड्या डावीकडे असतात, त्यामुळे त्या बाजूला छायेची सरळ रेघ ओढली की काम लवकर उरकतं. उजवीकडे सगळी गोलाई, तिथे वेळ जातो. हे कळल्यावर मला बाबांच्या पाट्या आठवल्या. ग, त, प, म, स, आपला काना उजवीकडे, आणि बाबांची छायाही उजवीकडेच. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. दोन्हीकडे मजुरी वाचवली होती.

आणि सगळ्यात मजा दुसऱ्या बाजूची. बोट काठाला बांधलेली, एक बाजू झाली, दुसरी पाण्यावर. पेंटर काय पोहत रंगवणार? मग बोट कोरड्या गोदीत घ्या, नाहीतर सुकल्यावर मैल-दोन मैल चालवत न्या, जिथे कालवा मुद्दाम रुंद केलेला असतो तिथे वळवा आणि परत आणून उलटी बांधा. उन्हात लोखंड तापतं, रंग ब्रशवरच ओढायला लागतो. संध्याकाळी दव. संध्याकाळच्या आधी चिलटं. आमच्या बोटीच्या एका अक्षरात एक चिलट कायमचं वस्तीला आहे.

तुमच्या प्लॉटरला यातलं काही नको. पण जो लॅपटॉपवर नाव टाइप करतो त्याने बहुधा बोट पाहिलेली नसते, त्याला लांबी-उंची फोनवर कळलेली असते. आमच्या बोटीत आम्ही तीन कुटुंबं भागीदार. पहिल्या वर्षी आम्ही विनाइलच लावलं होतं, एका दुकानातून. अक्षरं स्वच्छ होती, एकही कड वाकडी नाही. पण ‘मापात बसवण्यासाठी’ फाँट आडवा ताणलेला, त्यामुळे उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक, जेवून सुस्तावल्यासारख्या. शेवटचं अक्षर खिडकीच्या पितळी कडीला टेकलं. दोन वर्षांनी खालची कड आकसली आणि तिथे काळी धुळीची रेघ बसली. एक अक्षर लॉकच्या भिंतीला घासून अर्धं गेलं, तर नवीन तुकडा वेगळ्याच लाल रंगाचा दिसायला लागला. हाताच्या अक्षराला असं झालं तर डबीतला तोच रंग घेऊन अर्ध्या तासात डागडुजी होते.

यात दोष विनाइलचा किती आणि न बघता कापणाऱ्याचा किती? मला वाटतं, मोठा भाग दुसऱ्याचा. तुम्ही गाडीच्या बॉनेटवर नाव लावताना आधी कागद धरून, चार पावलं मागे जाऊन बघत असाल तर माझा तुमच्याशी वाद उरतच नाही. आणि विनाइल लवकर जातं हा माझा मूळ लेखातला युक्तिवादही लंगडा होता. केबिन दहाएक वर्षांनी परत रंगवावीच लागते, तेव्हा दोन्ही जातात. आमचा इंडेक्स नंबर, म्हणजे बोटीचा नोंदणी क्रमांक, जो परवान्यासाठी दोन्ही बाजूंना दिसायलाच लागतो, तो आजही विनाइलमध्ये आहे. तो हाताने काढायला पैसे मोजणं मला मूर्खपणा वाटतो.

पण नाव हाताने. त्यासाठी आम्ही विनाइलच्या तिप्पट पैसे दिले, आणि भागीदारांपैकी एक वहिनी अजून त्यावरून टोमणे मारतात.

आता माझी एक अडचण आहे, आणि ती तुम्हीच सोडवू शकता. येत्या वसंतात बोट गोदीत जाणार आहे. इंग्रजी नावाखाली ‘वारणा’ असं देवनागरीत लिहायचं ठरलंय. (पाण्यात तरंगत असताना बोटीचं नाव बदलणं इथे अशुभ मानतात, म्हणून गोदीत असतानाच.) इथल्या पेंटरबाबांना देवनागरी येत नाही, आणि माझा हात बदकापाशी अडलाय. पण हल्ली इथले पुष्कळ पेंटर आराखडा संगणकावर करतात, कागदावर काढून घेतात, कडांवर टाचणीने भोकं पाडतात आणि वरून खडूची पूड थोपटतात, आपल्या रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखं. पूड भोकांतून उतरली की रेघ मिळते, मग ब्रश.

तो कागद तुमच्या प्लॉटरवरून हवाय. जागा ४ फूट रुंद, ९ इंच उंच, शिरोरेघ धरून. फाँट ताणू नका, जागा उरली तर उरू दे. ‘र’ आणि ‘ण’ तुम्हाला जमतील तसे तुमच्या डोळ्याने सारून घ्या. आणि कोरलमध्ये, म्हणजे तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं वेल्ड करायला, एकात एक जोडायला, विसरू नका, नाहीतर शिरोरेघेचे तीन तुकडे होतील आणि पेंटरबाबा तेही इमानदारीने रंगवतील. मजुरी सांगा. भिंतीचा कल आणि खिडकीचं अंतर मोजून फोटोसकट पाठवतो, शनिवारी बोटीवर जातोच आहे.