लादीखालचं कोण बघतंय?

बाथरूम नवं करताय? छान. इमारतीत एकाने केलं की बाकीच्यांना चैन पडत नाहीच. मेच्या शेवटी सुरू करा आणि गणपतीच्या आत संपवायचंच असा हट्ट धरा. ऐन पावसाळ्यात सिमेंट लवकर वाळत नाही, पण त्याने तुमचं काय बिघडतं?

आधी कॉन्ट्रॅक्टर. शेजाऱ्याच्या किचनचा ओटा ज्याने केला, तोच बोलवा. ओटा बरा जमला म्हणजे त्याला वॉटरप्रूफिंगही येणारच. ज्याला पोळ्या गोल लाटता येतात त्याच्याकडून आपण अपेंडिक्सही काढून घेतोच की.

लायसन्स आहे का, असं विचारू नका. वाईट दिसतं. विचारलंच तर तो जीएसटी नंबर दाखवेल, फार झालं तर गुमास्ता. तुम्ही मान डोलवा. जीएसटी नंबर कर भरण्यासाठी असतो, गुमास्ता म्हणजे धंद्याची नोंद, आणि लादी सरळ बसण्याशी दोन्हींचा काडीचा संबंध नाही, हे मनातही आणू नका. मुंबईत ‘घराची सगळी कामं करणारा’ असा एकच परवाना मिळत नाही. प्लंबरकडे महापालिकेचा हवा, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे राज्य सरकारचा, आणि भिंत पाडायची किंवा बीमला हात लावायचा तर लायसन्सवाला स्ट्रक्चरल इंजिनीअर आधी येऊन बघून गेला पाहिजे. म्हणजे तीन माणसांकडे तीन कागद मागायचे. एवढा वेळ कुणाला आहे?

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत घ्या: ‘बाथरूम कम्प्लीट, विथ मटेरियल, लमसम.’ जुना कोबा कुठपर्यंत तोडणार, पाणी अडवणारं कोटिंग कुठल्या कंपनीचं, किती चौरस फुटांना किती हात, पाणी किती तास भरून ठेवणार, असं सगळं लिहून देणारा कुणी आलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तो महाग असतो.

गीझरच्या पॉइंटला दीड चौरस मिलिमीटरची बारीक वायर ओढू द्या. भिंतीत गेल्यावर दीड काय नि चार काय. वीज गळाली की क्षणात पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी म्हणजे तर निव्वळ चैन.

बेसिनखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारा, आयएस ७१० छापलेला प्लाय मागू नका. साधा एमआर प्लाय पाण्याने फुगतो. फुगू दे.

भिंतीत पाइप टाकून झाले की ताबडतोब प्लास्टर. पंप लावून दाब देऊन बघा, काटा खाली येतो का ते तपासा, टेप धरून पाइपांचे फोटो काढून ठेवा, असं सांगणारे विघ्नसंतोषी लोक भेटतात. पाइप कुठून गेलाय ते टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारलं की आपोआप कळतं.

आता वॉटरप्रूफिंग. हे काम लादीखाली गाडलं जातं. पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून खर्चाची पहिली कात्री इथेच लावा.

बाथरूमचा स्लॅब बहुतेक इमारतींत बाकी घरापेक्षा ९ ते १२ इंच खोल असतो. त्या खड्ड्यात पाइप, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर लादी. हे सगळं छिन्नी-हातोड्याने स्लॅबपर्यंत खणायचं असतं. तुम्ही विजेवरचा ब्रेकर लावू द्या. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात उरकतं, आणि स्लॅबला चिरा गेल्याच तर त्या खालच्या बाजूने दिसतात, वरून नाही. निघालेलं राबिट गोण्यांत भरून उतरवायचं आणि टेम्पोने पाठवायचं म्हटलं की पैसे पडतात, म्हणून हुशार कॉन्ट्रॅक्टर त्यातलं निम्मं परत त्याच खड्ड्यात ढकलतो. तुटकी लादी, प्लास्टरचे पोपडे, सिमेंटच्या गोणीची चिंधी, गुटख्याच्या पुड्या. वरून सिमेंट फिरवलं की झाला कोबा. तुम्ही त्या वेळी ऑफिसात असता.

आधी प्लंबरने सांडपाण्याचा नहाणी ट्रॅप आणि पाइप पक्के बसवायचे, मग कोटिंग, असा क्रम असतो. तो उलटा करा. कोटिंग झाल्यावर प्लंबर येतो, ट्रॅपसाठी छिन्नी मारतो, कोटिंग फाडतो, वर सिमेंटचा गोळा थापतो आणि निघून जातो. ट्रॅपचा गळा आणि स्लॅब यांच्यामधली ती बोटभर फट नीट भरलेली नसली की पाणी तिथूनच उतरतं. जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात वाटा भरून गोलाई द्यावी लागते, कारण काटकोनात कोटिंग तडकतं. कोटिंगचा एक हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, भिंतीवर किमान फूटभर वर आणि शॉवरपाशी डोक्याच्याही वर. किती लागणार ते डब्यावरच छापलेलं असतं. पाच बाय आठचं बाथरूम म्हणजे जमीन ४० चौरस फूट, भिंतीचा फूटभर पट्टा २६, झाले ६६, आणि शॉवरची भिंत वेगळी. गुणिले दोन हात. चौथीतल्या पोराला येईल असं गणित आहे! किती डबे लागणार होते आणि किती रिकामे पडलेत, एवढं मोजलं असतं तरी पुरे होतं. पण तुम्ही लादीच्या दुकानात उभे होतात. आयव्हरी घ्यावी की ऑफ-व्हाइट.

आणि पाणी भरून ठेवणं! नहाणीत बोळा कोंबायचा, दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, ४८ तास थांबायचं आणि खालच्यांची बेल वाजवून छत बघायचं. कोटिंगनंतर एकदा, कोबा झाल्यावर पुन्हा एकदा. एक पैसा खर्च नाही. यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, “साहेब, चार दिवस माणसं बसून राहतील.” आणि तुम्ही म्हणता, “हो, तेही खरंच.”

चार दिवस! रंगाच्या शेडकार्डावर तुम्ही आठवडा घालवलात.

गळती लगेच दिसत नाही, ही तर आणखी सोय. आधी खड्ड्यातलं ते राबिट पाणी पीत राहतं. ते तुडुंब झालं की स्लॅब ओला होतो, मग आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट सोडवते. याला महिने लागतात. तोवर तुम्ही शेवटचा हप्ता देऊन मोकळे झालेले असता. खालून तक्रार आली की “पावसाचं पाणी असेल” म्हणा. मे महिना असला तरी म्हणा. फारच झालं तर एक केमिकलवाला आणा, तो सांध्यांत ग्राउट भरून जाईल, आणि पाणी दुसरी वाट शोधेल.

पैशांचंही तसंच. निम्मे आधी द्या, लादी बसायच्या आत उरलेले द्या, तेही रोख. ‘दहा वर्षांची गॅरंटी’ तोंडी घ्या. बिल मागू नका, १८ टक्के जीएसटी वाचतो. उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली की दाखवायला तुमच्याकडे काय असेल? तो व्हॉट्सअ‍ॅपचा अंगठा?

अहो, दहा टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत अडकवून ठेवायला काय जातं तुमचं? कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे देतो, असं कागदावर लिहायला जीभ अडखळते, आणि मजुराच्या दोनशे रुपयांवरून मात्र तासभर घासाघीस करता. कॉन्ट्रॅक्टर चोर आहे म्हणून गळे काढता. असेल. पण खड्डा उघडा होता तेव्हा एकदा तरी वाकून आत बघितलंत का? सोसायटीची एनओसी घेतलीत, डिपॉझिट भरलंत, आणि त्या कागदावर खालच्या फ्लॅटचं नावही नाही. पंखा काढून ठेवावा लागलाय, ट्यूबलाइटच्या पट्टीत पाणी शिरतंय, आणि लिफ्टमध्ये भेटलात की तुम्ही मोबाइलवर नव्या बाथरूमचे फोटो दाखवता!

फोटो राहू देत. या रविवारी खाली या. चप्पल बाहेर काढा, स्टूल देतो, त्यावर चढा आणि छताला तळहात लावून बघा. बादली मी सरकवतो, फक्त पाय जपून ठेवा, लादी ओली आहे.