आधी भीती, मग हसू

अक्षय कुमारचा 'बच्चन पांडे' हा हिंदी रिमेक आपटला, त्याचं सगळं खापर एका लेखात 'द काश्मीर फाइल्स' या तेव्हा गाजत असलेल्या सिनेमाच्या लाटेवर फोडलंय. अर्धंच खरं! मूळ तमिळ 'जिगरठंडा' (२०१४) पाहा. दिग्दर्शक कार्तिक सुब्बराजनं मदुराईचा गुंड सेतू असा रंगवलाय की आधी खरोखर धडकी भरते. म्हणूनच पुढे त्याच्यावरच सिनेमा निघतो आणि स्वारीला अभिनयाची शिकवणी लागते, तेव्हा हसून मुरकुंडी वळते. बॉबी सिम्हाला या सेतूसाठी सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, शिवाय विवेक हर्षनला संकलनाचं. नायक सिद्धार्थ असूनही भाव खाऊन गेला तो गुंडच. हिंदीत मात्र अक्षय कुमार पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षय कुमारच. त्याला घाबरणार कोण, नि मग हसू तरी कशाला येईल?